खानदेशातील कुळांचा जमीनखरेदीचा हक्क

दुसऱ्याच्या मालकीची शेतजमीन खंडाने, बटाईने वा मक्त्याने कसणाऱ्या कुळास ती जमीन कायद्याने ठरविलेल्या किंमतीस विकत घेता येण्याचा हक्क. सामान्य खरेदीविक्रीस दोन्ही पक्षांची संमती लागते आणि किंमत बाजारभावाने ठरते. या हक्कात मालकाची संमती आवश्यक नसते व किंमत जमीन महसुलाच्या आकाराच्या पटीत ठरते. पट्टेदारास मालकी मिळवून देणारे कायदे अन्यत्रही झाले आहेत. आयर्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने शासनाच्या कर्जाच्या साहाय्याने कुळांनी जमीनदारांकडून जमिनी विकत घेतल्या. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घर धारण करणाऱ्यास घराखालील जमिनीची मालकी विकत घेण्याचा किंवा पट्ट्याची मुदत वाढवून घेण्याचा हक्क मिळाला. मुंबई राज्यातील कूळकायद्याचे वेगळेपण असे, की त्याने एक विशिष्ट दिवस ठरवून त्या दिवशी कुळास मालक मानले. तो दिवस म्हणजे १ एप्रिल १९५७. त्यास ‘कृषक दिन’ म्हणतात.

खानदेश म्हणजे स्थूलमानाने तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांचा प्रदेश. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व खानदेश (मुख्य ठिकाण जळगाव) व पश्चिम खानदेश (मुख्य ठिकाण धुळे) असे दोन भाग करण्यात आले. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा वेगळा झाला. पुढील विवेचनात धुळे जिल्ह्याच्या १९९८ पूर्वीच्या उल्लेखांत नंदुरबारचाही समावेश आहे.

पूर्वपीठिका : १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला, तेव्हा प्रदेशाचा बराच भाग ओसाड होता. मुंबई इलाख्यातील अन्य जिल्ह्यांप्रमाणे येथेही रयतवारी पद्धती लागू झाली. शेताची मोजणी करून त्यावर आकार बसवावयाचा आणि तो भरणारा खातेदार सरकारशी थेट बांधलेला राहावयाचा, असे तिचे स्वरूप होते. मोजणीमुळे सारा वाढेल या भीतीने १८५२ मध्ये सावदा–फैजपूर परिसरात व एरंडोल येथे शेतकऱ्यांनी मोजणीस संघटित विरोध केला होता. तो बळाचा वापर करून मोडण्यात आला.

रयतवारीत सरकार व रयत यांच्यामध्ये जमीनदार नसतो, असे तत्त्वतः मानले जाई. प्रत्यक्षात मात्र खातेदार व कसणारा हे नेहमी एकच राहिले नाहीत. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, खानदेशातील काळ्या जमिनीचे मोल वाढले आणि जमीन हे कर्जाचे उत्तम तारण ठरले. कर्ज थकले म्हणजे खाते सावकाराच्या नावे होई व पूर्वीचा खातेदार तीच जमीन खंडाने कसत राही. अशा कुळास कोणतीही शाश्वती नसे. करार बहुधा तोंडी व वर्षापुरता असे. मालकास पुढील हंगामात दुसरे कूळ आणता येई; त्यामुळे विहीर खणणे, बांध घालणे, खत घालणे यांसारख्या कामांत पैसा व श्रम गुंतविण्यास कूळ धजत नसे. १९०१ मध्ये मुंबई जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करून काही जमिनी हस्तांतरणास बंदी असलेल्या शर्तीवर देण्याची तरतूद झाली. पुढे ‘नवी शर्त’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धारणेचा उगम या तरतुदीत आहे.

कूळसंरक्षणाचा आरंभ : डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. तेथे संमत झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात खंड कमी करणे व कुळांस जमिनीवर स्थैर्य देणे या मागण्यांचा समावेश होता. त्यानंतर मुंबई प्रांतात अधिकारावर आलेल्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत १९३९ चा कूळकायदा संमत झाला. १९४१ मध्ये तो प्रथम मोजक्या जिल्ह्यांत लागू करण्यात आला. हे जिल्हे ठाणे, सुरत, धारवाड आणि पश्चिम खानदेश होते. यांपैकी पश्चिम खानदेश, ठाणे व सुरत या जिल्ह्यांत आदिवासी शेतकऱ्यांची वस्ती मोठी होती. पूर्व खानदेशासह उर्वरित प्रांतास तो १९४६ मध्ये लागू झाला.

या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ हा वर्ग निर्माण केला. १ जानेवारी १९३८ पूर्वी सतत सहा वर्षे जमीन स्वतः कसणाऱ्या कुळास त्यात स्थान मिळाले. कराराची किमान मुदत दहा वर्षांची ठरली. मालकी मात्र अद्याप कुळाच्या आवाक्यात आली नव्हती. कुळाला जमिनीवर राहू द्यावे, एवढाच या कायद्याचा उद्देश होता.

मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ : हा कायदा २८ डिसेंबर १९४८ रोजी अंमलात आला. २०१२ मध्ये त्याच्या नावातील ‘मुंबई’ या शब्दाऐवजी ‘महाराष्ट्र’ हा शब्द घालण्यात आला. खानदेश पूर्वीच्या मुंबई इलाख्यात असल्याने येथे हाच कायदा लागू आहे. लगतच्या बुलढाणा जिल्ह्यास विदर्भासाठीचा १९५८ चा व मराठवाड्यास हैदराबाद संस्थानातील १९५० चा कायदा लागू झाला. १९४८ च्या कायद्याने खंडाची कमाल मर्यादा जिरायत जमिनीस उत्पन्नाच्या एक तृतीयांश व बागायतीस एक चतुर्थांश ठरविली. संरक्षित कुळास जमीन विकत घेण्याचा ऐच्छिक हक्कही त्यात होता; परंतु मालकालाही स्वतः कसण्याच्या कारणावरून जमीन परत घेता येत होती. कुळाने ‘राजीखुशीने’ दिलेल्या राजीनाम्यांचा मार्गही मोकळा होता. वि. म. दांडेकर व गो. ज. खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे १९४८–४९ ते १९५२–५३ या काळातील अंमलबजावणीची पाहणी केली. खंडाचे प्रमाण घटल्याचे तीत आढळले नाही. उलट, मालकांनी जमिनी परत घेतल्याची व कुळे बदलल्याची उदाहरणे मोठ्या प्रमाणावर आढळली.

कृषक दिन व मालकीचे हस्तांतरण : १ ऑगस्ट १९५६ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने कायद्याचे स्वरूप मुळापासून बदलले. ज्या मालकास स्वतः कसण्यासाठी जमीन हवी असेल, त्याने ३१ डिसेंबर १९५६ पूर्वी कुळास नोटीस द्यावी व ३१ मार्च १९५७ पर्यंत मामलेदाराकडे अर्ज करावा, अशी मुदत घालण्यात आली. अशा वेळीही सामान्यतः निम्मी जमीन कुळाकडे राहावी, असे बंधन होते. मुदतीत कारवाई झाली नाही, तर १ एप्रिल १९५७ रोजी स्वतः कसणारे कूळ त्या जमिनीचे ‘मानीव खरेदीदार’ बनले. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीची वैधता मान्य केली आणि मालकी कृषक दिनीच कुळाकडे जाते, असे स्पष्ट केले. त्यानंतरची किंमतनिश्चिती व हप्ते यांचा संबंध ती मालकी पूर्ण व अबाधित होण्याशी आहे.

कुळाला किती जमीन घेता येईल, यावर मर्यादा होती. जिरायत असल्यास ४८ एकर, हंगामी बागायत किंवा भातजमीन असल्यास २४ एकर व बारमाही बागायत असल्यास १२ एकर ही कमाल मर्यादा असून, कुळाची स्वतःची अन्य जमीनही तीत धरली जाई.

किंमत व प्रमाणपत्र : किंमत ठरविण्याचे काम शेतजमीन न्यायाधिकरणाकडे सोपविण्यात आले. कलम ३२-ग खाली न्यायाधिकरण कूळ, मालक व अन्य हितसंबंधितांस नोटीस काढते आणि कुळाची खरेदीची तयारी आहे किंवा कसे याचा जबाब नोंदविते. कायम कुळासाठी वार्षिक खंडाच्या सहापट किंमत ठरविण्यात आली. अन्य कुळांसाठी ती आकाराच्या २० पटींपेक्षा कमी व २०० पटींपेक्षा अधिक नसावी आणि त्यात विहीर, झाडे, बांधकाम इत्यादींचे मूल्य व थकलेला खंड मिळवावा, अशी तरतूद आहे. रक्कम एकदम किंवा द.सा.द.शे. ४.५ टक्के व्याजाने जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत भरता येते.

या आकड्यांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. एकरी २ रु. आकाराची ५ एकर जिरायत जमीन घेतल्यास तिचा आकार १० रु. होतो, म्हणजे विहीर, झाडे इ. वगळता तिची किंमत किमान २०० रु. व कमाल २,००० रु. भरते. १९५६ च्या दुरुस्तीने खंडाची मर्यादा आकाराच्या पाचपट किंवा एकरी २० रु. यांपैकी जी कमी असेल ती ठरविली होती. या उदाहरणात ती वर्षाला ५० रुपये होते. म्हणजे जमिनीची किंमत कायदेशीर खंडाच्या चार ते चाळीस वर्षांच्या रकमेएवढी होती. आकार जुन्या मोजणीच्या काळचा असल्याने बाजारभाव वाढला, तरी ही किंमत वाढत नाही. खरेदीहक्काचे कुळाच्या दृष्टीने असलेले मोल व मालकाचा त्यास असलेला विरोध या दोहोंचे मूळ येथे आहे.

सर्व रक्कम भरल्यावर कलम ३२-म खाली खरेदीचे प्रमाणपत्र मिळते. ते मालकीचा निर्णायक पुरावा असते. त्यावरून फेरफार नोंद होऊन सात-बारा उताऱ्यावर कुळाचे नाव भोगवटादार म्हणून लागते. मात्र नोटीस मिळूनही कूळ हजर राहिले नाही, त्याने खरेदीची इच्छा नसल्याचा जबाब दिला किंवा हप्ते थकविले, तर खरेदी निष्फळ ठरे आणि जमिनीची विल्हेवाट लावण्याचा मार्ग न्यायाधिकरणास खुला होई. निरक्षर कुळाच्या दृष्टीने हा जबाबच सर्वांत नाजूक टप्पा होता. मालकाच्या कर्जात असलेले कूळ मालकाच्या सांगण्यावरून ‘जमीन नको’ असे लिहून देण्याचा संभव असे. ही उणीव ध्यानात आल्याने पुढील दुरुस्तीने अशा कुळांस खरेदीची दुसरी संधी देण्यात आली. राजीनामा लेखी असावा व मामलेदाराने त्याची खातरजमा करावी, हेही बंधन आहे.

लांबणीवर पडलेला हक्क : मालक अज्ञान, विधवा अथवा शारीरिक वा मानसिक दृष्ट्या असमर्थ असल्यास कृषक दिनी मालकी हस्तांतरित होत नाही. अज्ञान मालक सज्ञान झाल्यावर, विधवेचा हितसंबंध संपल्यावर किंवा असमर्थता दूर झाल्यावर मालकास एक वर्षाची मुदत मिळते आणि तीनंतर कुळास खरेदीसाठी एक वर्ष मिळते. सैनिकांच्या जमिनींसाठी १९६४ मध्ये स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. आर्थिक धारणक्षेत्रापेक्षा (जिरायत १६ एकर) अधिक जमीन नसलेल्या व वार्षिक उत्पन्न १,५०० रुपयांपर्यंत असलेल्या मालकासही प्रमाणपत्र घेऊन कुळाकडून जमीन परत मागता येत असे. विधवा मालकिणीच्या मृत्यूची तारीख परगावी असलेल्या कुळास कळेलच असे नाही. त्यामुळे मुदत टळून हक्क गमावल्याचे वाद अनेक वर्षे चालले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की केवळ सज्ञान होणाऱ्या मालकानेच नव्हे, तर विधवेच्या वारसानेही आपला हितसंबंध सुरू झाल्याचे कुळास कळविले पाहिजे.

वतन व इनाम जमिनींबाबतही कृषक दिन जसाच्या तसा लागू झाला नाही. सेवेबद्दल दिलेल्या जमिनींवरील कुळांचा हक्क ते वतन रद्द होऊन जमिनीचे पुनःप्रदान होईपर्यंत लांबला. खानदेशापुरते या प्रकारचे दोन विशेष कायदे झाले. भिल्ल नाइकांस ब्रिटिश अमदानीत शांतता राखण्याच्या मोबदल्यात दिलेली इनामे १९५५ च्या कायद्याने रद्द झाली. सातपुड्यातील काठी, चिखली, सिंगपूर, गव्हाळी इ. सहा मेहवासी संस्थानिकांचे मालकीहक्क १९६१ च्या विनियमाने संपुष्टात आले व तेथील कसणारे शासनाचे थेट भोगवटादार होण्याचा मार्ग मोकळा झाला.

कूळ कोणास म्हणावे : दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारी व्यक्ती लेखी करार नसला, तरी कूळ मानली जाते. परंतु मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती, ताबेगहाणदार आणि रोख किंवा धान्यरूपाने वेतन घेणारा नोकर यांना या व्याख्येतून वगळले आहे. पिकाचा हिस्सा घेणारा मात्र वगळलेला नाही. या अपवादास खानदेशात विशेष महत्त्व आहे. येथे शेतीची मोठी कामे ‘सालदार’ करतात. सालदार हा ठरावीक रक्कम व धान्य यांवर वर्षभरासाठी बांधलेला शेतमजूर असून, त्याचे साल बहुधा अक्षय्य तृतीयेस सुरू होते. तीच जमीन तो वीस वर्षे कसत असला, तरी वेतन घेत असल्याने तो कूळ ठरत नाही. परिणामी, कसेल त्याची जमीन हे तत्त्व ज्याच्या श्रमावर शेती चालते अशा या मोठ्या वर्गापर्यंत पोहोचले नाही. कूळ आहे किंवा नाही, हा प्रश्न मामलेदार (आता तहसीलदार) कलम ७०(ब) खाली ठरवितो. त्यावर महसूल अधिकाऱ्यांकडे अपील व महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो. दिवाणी न्यायालयास हा प्रश्न स्वतः ठरविता येत नाही. अशा वादात सात-बारावरील जमीन कसणाऱ्याचे नाव व रीत, खंडाच्या पावत्या आणि फेरफार नोंदी हाच मुख्य पुरावा असतो. म्हणून ज्याचे नाव तलाठ्याच्या दप्तरात आले नाही, त्याचा हक्क सिद्ध होणे अवघड असते.

आदिवासी मालक व बिगर-आदिवासी कूळ : कूळकायद्यात मालक सबळ व कूळ दुर्बळ असे गृहीत धरले आहे. तापीकाठच्या मैदानात ते बव्हंशी खरे होते. शहादे, तळोदे, नंदुरबार, नवापूर या तालुक्यांत मात्र अनेकदा स्थिती उलट होती. तेथे भिल्ल, पावरा, कोकणा इ. आदिवासी खातेदार कागदोपत्री मालक असत. बैल, बियाणे व भांडवल नसल्याने ते आपली जमीन सधन बिगर-आदिवासी शेतकऱ्याला खंडाने देत आणि स्वतः त्याच्याकडे सालदार म्हणून राबत. अशा ठिकाणी कृषक दिनाने सधन शेतकरी ‘कूळ’ म्हणून मालक बनला आणि आदिवासी मालकाची जमीन आकाराच्या पटीत मिळणाऱ्या अल्प किंमतीस गेली. याशिवाय कर्ज, गहाण व साध्या खरेदीखताने झालेली हस्तांतरणेही होतीच.

या प्रश्नावर शहादे तालुक्यात १९७१–७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंती व त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने भूमिमुक्तीचे आंदोलन उभे राहिले. पुढे श्रमिक संघटनेने सालदारांच्या वेतनाचा व जमिनीचा प्रश्न एकत्र मांडला. शासनानेही महसूलमंत्री ह. गो. वर्तक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्यानंतर दोन कायदे झाले. एकाने ६ जुलै १९७४ पासून जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस हस्तांतरित करण्यास बंदी घातली. दुसऱ्याने, म्हणजे १ नोव्हेंबर १९७५ पासून अंमलात आलेल्या ‘महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी परत देणे अधिनियम, १९७४’ ने, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी परत देण्याची व्यवस्था केली. कूळकायद्याखाली बिगर-आदिवासी कुळांनी खरेदी केलेल्या जमिनीही त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहेत. जमीन बिगरशेती वापरात गेलेली नसावी आणि परत घेणाऱ्याने ती स्वतः कसावी, अशा अटी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हा कायदा वैध ठरविला.

अशा रीतीने १ एप्रिल १९५७ ही एकच तारीख दोन कायद्यांत परस्परविरुद्ध अर्थाने येते. एका कायद्यात ती कसणाऱ्याच्या मालकीचा आरंभ दर्शविते, तर दुसऱ्यात जी हस्तांतरणे उलटवावयाची त्यांच्या कालखंडाचा आरंभ दर्शविते. जमीन कोण कसतो एवढाच निकष न्यायासाठी पुरेसा नसून, मालक व कसणारा यांतील दुर्बळ पक्ष कोणता हेही पाहावे लागते, हे खानदेशच्या अनुभवातून स्पष्ट झाले.

खरेदीनंतरचे निर्बंध : कुळाने मिळविलेली जमीन पुन्हा सावकाराच्या हाती जाऊ नये, म्हणून कलम ४३ अन्वये तिची विक्री, देणगी, गहाण, पट्टा वा विभाजन जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून करता येत नसे. अशा जमिनीच्या सात-बारावर ‘इतर हक्क’ या रकान्यात तशी नोंद असते. कालांतराने हे संरक्षण अनेकांस अडचणीचे वाटू लागले. कर्ज, वाटणी किंवा मुलीच्या विवाहासाठी जमिनीचा तुकडा विकावयाचा, तरी परवानगीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदीस दहा वर्षे पूर्ण झालेल्या जमिनीची विक्री आकाराच्या ४० पट नजराणा भरून परवानगीशिवाय करण्यास मुभा दिली. घेणारा शेतकरी असावा आणि कमाल धारणेच्या व तुकडेबंदीच्या कायद्याचा भंग होऊ नये, या अटी कायम आहेत. ही सवलत आदिवासींच्या जमिनींवरील हस्तांतरणबंदीस बाध आणीत नाही.

शासनाने पट्ट्याने किंवा भोगवटादार वर्ग-२ म्हणून दिलेल्या जमिनींचा प्रश्न यापासून वेगळा आहे. शासकीय जमिनीस कृषक दिनाच्या तरतुदी लागू नाहीत. अशा जमिनी अधिमूल्य भरून वर्ग-१ मध्ये, म्हणजे निर्बंधमुक्त धारणेत, रूपांतरित करण्यासाठी २०१९ मध्ये नियम करण्यात आले. त्यांत किंमत आकारावरून नव्हे, तर बाजारमूल्याच्या टक्केवारीने ठरते. त्यामुळे कुळाच्या खरेदीहक्कातील सवलत या पट्टेदारांना मिळत नाही.

परिणाम व सद्यःस्थिती : खरेदीहक्कामुळे खानदेशात पूर्वी खंड भरणारी कुटुंबे खातेदार झाली. सहकारी सोसायटीचे कर्ज, विहीर व पाइपलाइन यांसाठी लागणारे तारण त्यांच्या हाती आले. दुसऱ्या बाजूने, कृषक दिनानंतर सुरू झालेल्या कुळवहिवाटीतही कुळास एका वर्षाच्या आत खरेदीचा हक्क सांगता येत असल्याने मालक उघडपणे जमीन खंडाने देईनासे झाले. तथापि जमीन दुसऱ्याकडून कसून घेण्याची गरज संपली नाही. नोकरीनिमित्त शहरात गेलेले, वृद्ध किंवा एकट्या स्त्रिया असलेले मालक बटाईने वा मक्त्याने तोंडी व्यवहार करतात आणि दप्तरी स्वतःच कसत असल्याची नोंद ठेवतात. त्यामुळे प्रत्यक्ष कसणाऱ्यास पीककर्ज, पीकविमा व नुकसानभरपाई मिळविणे कठीण जाते. याउलट मालकास जमीन गमावण्याची धास्ती असल्याने तो दरवर्षी कसणारा बदलतो. केंद्र शासनाच्या नीती आयोगाने २०१६ मध्ये मालकी अबाधित ठेवून पट्ट्यास मान्यता देणाऱ्या कायद्याचा नमुना राज्यांपुढे ठेवला, तो याच अडचणीवर उपाय म्हणून. १९३९ च्या कायद्याने कुळाला जमिनीवर स्थैर्य देण्याचा प्रयत्न केला होता. दप्तरात नाव नसलेल्या आजच्या बटाईदाराच्या बाबतीत तोच प्रश्न पुन्हा उपस्थित झाला आहे.